हाताला आलेली बाजू

माधवनगरच्या मोहिद्दीन पिंजारीला जगात दोनच गोष्टींचा अभिमान होता, एक त्याची मुलगी तहरीम आणि दुसरं गिरणी कामगारांचं वाचनालय. त्या दिवशी साताऱ्याच्या त्या गारेगार सभागृहात दोन्ही पणाला लागणार होत्या, आणि मधल्या मध्ये हा गादीवाला पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या खुर्चीवर अवघडून बसला होता. चार दिवस बापलेक एकमेकांशी बोलले नव्हते.

वाचनालय म्हणजे काही राजवाडा नव्हे. गिरणी चालू होती तेव्हा कामगारांनी पोटाला चिमटा काढून बांधलेल्या दोन खोल्या. पुस्तकांची कपाटं, वर्तमानपत्रं पसरायला एक लांबलचक टेबल आणि वर पत्रा. गिरणी बंद पडली, भोंगा मुका झाला, माणसं मिळेल त्या कामाला लागली, पण सकाळी त्या टेबलाशी येऊन पेपर वाचल्याशिवाय कुणाला चहा गोड लागत नव्हता. मोहिद्दीन तिथला कार्यवाह होता. गाद्या-उशा भरायच्या, दुपारी दुकान बंद करायचं आणि अंगावरचा कापूस झटकत वाचनालय उघडायचं, हा त्याचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता.

वाचनालयाची वादविवाद स्पर्धाही त्याच्याइतकीच जुनी. करंडक म्हणून काय, तर मागावर धागा घेऊन इकडून तिकडं पळणारा लाकडी धोटा, एका फळीवर ठोकलेला. स्पर्धा कामगारांची, तर नियमही कामगारांचेच. परीक्षक वगैरे थाट नाही. सगळी भाषणं संपली की एकेका वक्त्याचं नाव घेऊन सभेलाच विचारायचं, "पटलं का?" ज्याला पटलं त्यानं हात वर करायचा. ज्याला जास्त हात, त्याचा धोटा. गेल्या वर्षी जो जिंकला त्यानं यंदाचा विषय द्यायचा आणि बाजूची चिठ्ठी सगळ्यांच्या शेवटी उचलायची. आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा होता. चिठ्ठीत जी बाजू निघेल ती मनापासून मांडायची, तिची टिंगल करायची नाही, मध्येच पलटी मारायची नाही. "हाताला आली ती बाजू आपली," हे मोहिद्दीननंच पोरांना शिकवलेलं.

मग जागेचं भांडण उपटलं. गिरणीच्या वारसांना एक दिवस साक्षात्कार झाला की वाचनालयाखालची जमीन त्यांची आहे. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण इथं समोरच्यानंच फरफटत नेल्यावर काय करायचं? कामगारांकडं जिद्द होती, वकील नव्हता. अशा वेळी साताऱ्याच्या एका मोठ्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष जयराजराव देवासारखे धावून आले. त्यांनी वकील दिले, गाड्या दिल्या, पेपरात बातम्या आणवल्या. तारखेला माधवनगरची माणसंही भाकऱ्या बांधून कोर्टाबाहेर उन्हात बसत होती. लढाई वर्षानुवर्षं चालली आणि अखेर जिंकली. पेढे वाटले, मोहिद्दीन तर रडलाच.

पेढ्याचा गोडवा जिभेवर असतानाच जयराजरावांनी त्याला बोलावून घेतलं. एवढं लढून मिळवलं, आता ते सांभाळायला नको का, म्हणाले. वाचनालय संस्थेत विलीन करू. तिथं चकचकीत अभ्यासिका होईल, फी भरून मुलं बसतील. स्पर्धा दरसाल साताऱ्याला, संस्थेच्या सभागृहात. तुम्ही मानद सल्लागार. मोहिद्दीनला नाही म्हणायला जीभ वळेना. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? तो "बरं" म्हणून बसला.

ते एक "बरं" त्याला घरात फार महागात पडलं. तहरीम सांगलीच्या कॉलेजात शिकणारी, जिभेला धार असलेली पोर. गेल्या वर्षीचा धोटा तिच्याच कपाटावर होता.

"अब्बा, वकील त्यांनी दिला म्हून वाचनालय त्यांचं झालं व्हय?"

"त्यांचे उपकार हायेत आपल्यावर."

"उपकाराला थांक्यू म्हणत्यात. घराची किल्ली देत न्हाईत."

"म्या शब्द दिलाय, तहरीम."

"शब्द तुमी दिलासा. वाचनालय तुमचं एकट्याचं हाय का?"

"आता माझ्यानं होत न्हाई गं," मोहिद्दीन म्हणाला, आणि ते खरंच होतं. "पत्रा गळतोय, गुडघं दुखत्यात. कवापातूर वडायचं? कुणीतरी घेतंय तर घेऊ दे."

दुसऱ्या दिवशी तिनं यंदाचा विषय कागदावर लिहून टेबलावर ठेवला: 'युद्ध जिंकणाऱ्या बलाढ्य राष्ट्राने समुद्रापलीकडची बेटे आपल्या राज्यात सामील करून घ्यावीत.' मोहिद्दीननं तो वाचला आणि पोरगी कुणीकडं निघालीय हे त्याला लख्ख कळलं. जयराजरावांना मात्र विषय फार आवडला. इतिहासाचा आहे, मुलांचं सामान्यज्ञान वाढेल, म्हणाले. मोठ्या माणसांना आरसा दाखवला तरी ते आधी चौकटच बघतात.

बेत असा ठरला की स्पर्धा यंदापासूनच साताऱ्याला घ्यायची. वाचनालयाच्या सभासदांना संस्थेच्या बसमधून आणायचं, पोटभर जेवू घालायचं आणि बक्षीस समारंभातच विलीनीकरणाचा ठराव मांडायचा. ठरावाला सूचक मोहिद्दीन. अनुमोदक कुणीही चालेल, जेवलेला माणूस असला म्हणजे झालं. आणि हो, संस्थेला शोभावं म्हणून यंदा तीन परीक्षकही नेमलेले.

सकाळी व्यासपीठावर चिठ्ठ्या निघाल्या. तहरीमनं नियमाप्रमाणं शेवटची उचलली, उघडली, आणि तिचा चेहरा पडला. 'अनुकूल.' म्हणजे बेटं घ्यावीत असं तिनं बोलायचं. ज्या विषयाचा खड्डा तिनं दुसऱ्यासाठी खणला होता त्यात तीच पडली होती. मोहिद्दीनला आधी हायसं वाटलं, अगदी खोटं कशाला बोला. मग पोरीचा तो चेहरा बघून त्याला स्वतःचीच लाज वाटली. ती चिठ्ठीची घडी घालून खाली मान घालून बसून राहिली.

उद्घाटनाला जयराजराव उठले. बोलायला ते तयारीचे. लढाईत आमचाही घाम गेलाय, म्हणाले. जिंकणं वेगळं आणि चालवणं वेगळं, म्हणाले. या कष्टकरी बांधवांनी कष्ट केले, मान्य, पण कारभार हा कष्टाचा प्रांत नाही. रोप लावताना कुणी रोपाला विचारतं का, की बाबा तुला कुठं लावू? नाव तेच राहील, पाटी आम्ही संगमरवरी करू. आणि आम्ही घेतलं नाही तर उद्या दुसरा कुणी गिळेल, तेव्हा आमच्या पंखाखाली या. टाळ्या पडल्या. मोहिद्दीनही मान डोलावत होता. सवयच ती. तहरीमनं मात्र मान वर केली होती आणि ती अध्यक्षांकडं टक लावून बघत होती. अभ्यासाला बसल्यावर बघायची तशी.

मोहिद्दीनच्या एका बाजूला विजयमाला बसली होती. तिचा नवरा गिरणीत होता, ती स्वतः वाचनालयाची सर्वांत जुनी सभासद आणि सर्वांत फटकळ. दुसऱ्या बाजूला मानसिंग नावाचे निवृत्त सुभेदार होते, संस्थेचे पाहुणे. मिशा अजून परेडला उभ्या. तरुणपणी शांतिसेनेतून श्रीलंकेला जाऊन आलेले. विषय ऐकून ते मोहिद्दीनच्या कानाशी लागले.

"आमीबी गेलतो एका बेटावर. मदतीला."

"मग?"

"मग काय? मदतीला गेलेल्यानं परतीचं तिकीट आधी खिशात ठिवायचं आसतं. लय रेंगाळलं की पावण्याचा चोर हुतो."

मोहिद्दीन उगाच व्यासपीठाच्या पायघोळ पडद्याकडं बघत राहिला.

प्रतिकूल बाजूनं पाटणची पूजा नावाची मुलगी छान बोलली. काळीसावळी, आवाज थोडा कापणारा, पण मुद्दे घट्ट. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेनं स्पेनला हरवलं, तेव्हा फिलिपिन्सची माणसंही स्पेनशी लढत होती, त्यांनी आपलं स्वातंत्र्य जाहीरही केलं होतं. आणि ती बेटं स्पेनकडून अमेरिकेला देणारा तह झाला पॅरिसला, तेव्हा त्यांच्याच वकिलाला आत घेतलं नाही. "ज्यांच्या घराची वाटणी चालली होती," पूजा म्हणाली, "ते दाराबाहेर उभे होते. नंतर ती माणसं नव्या मालकाशीही वर्षानुवर्षं लढली, कारण त्यांनी मालक बदलून मागितला नव्हता." विजयमालानं "आगं बया, खरं की" म्हणत मांडीवर थाप मारली.

सगळ्यात शेवटी तहरीम उठली.

तिच्या हातात कागद नव्हता. तिनं ओढणी सारखी केली, व्यासपीठाला, परीक्षकांना, सभेला वंदन केलं आणि सुरुवात केली. "बलाढ्य राष्ट्राने बेटं सामील करून घ्यावीत, घ्यायलाच हवीत, असं मी मांडणार आहे." आवाज खणखणीत. थट्टेचा लवलेश नाही. मोहिद्दीन पुढं सरकून बसला.

"पहिलं कारण, लढाईत बलाढ्य राष्ट्राचाही घाम गेला आहे. बेटावरचे लोक लढले असतील, उन्हात बसले असतील, पण तोफा कुणाच्या होत्या? ज्याच्या तोफा त्याचं बेट. दुसरं कारण, जिंकणं वेगळं आणि चालवणं वेगळं. बेटावरच्या लोकांनी कष्ट केले, मान्य. पण कारभार हा कष्टाचा प्रांत नाही."

मोहिद्दीननं कान टवकारले. हे कुठं ऐकलं? आत्ताच तर ऐकलं. समोर व्यासपीठावर जयराजराव प्रसन्न हसत मान डोलावत होते. माणसाला स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते फार शहाणपणाचं वाटतं.

"आमचे प्रतिस्पर्धी विचारतात, बेटावरच्या लोकांना विचारलं का? मी विचारते, रोप लावताना कुणी रोपाला विचारतं का?" जयराजरावांनी टाळी वाजवली. मागच्या रांगांतून, माधवनगरच्या माणसांतून, कुजबूज उठली. "बेटाचं नाव तेच राहील. फक्त पाटी संगमरवराची होईल. बेटावर जुन्या माणसांच्या बसायच्या जागा आहेत, तिथं नव्या, चकचकीत जागा होतील. जुन्यांना बसायचं असेल तर त्यांनी फी भरावी. यात अन्याय कसला? आणि आपण बेट घेतलं नाही तर उद्या दुसरा कुणी गिळेल. गिळायचंच असेल तर ओळखीच्या माणसानं गिळलेलं काय वाईट?"

"आरं, ही आपल्यावर बोलतीया," विजयमाला हलक्या आवाजात म्हणाली. हलक्या म्हणजे तिच्या मानानं. चार रांगांना ऐकू गेलं.

पहिल्यांदाच तहरीमनं बापाकडं पाहिलं. मोहिद्दीनला वाटलं, आता ही थांबली तर बरं, एवढं पुरे.

"आणि सगळ्यात भक्कम कारण शेवटी सांगते. बेटं जबरदस्तीनं घेतली असं कुणी म्हणू नये, म्हणून बेटावरचाच एक माणूस पुढं येतो. भला माणूस आहे. आयुष्यभर त्यानं ते बेट झाडून-पुसून ठेवलं. तोच म्हणतो, त्यांचे उपकार आहेत. तोच म्हणतो, पत्रा गळतोय, गुडघे दुखतात, आता माझ्यानं होत नाही. त्यानं शब्द दिलेला आहे, आणि तो शब्द मोडणारा माणूस नाही. त्यानं स्वतःच्या तोंडानं एकदा सूचना मांडली की झालं. मग बेट घेतलं असं कुणी म्हणणार नाही. बेट दिलं, असंच म्हणतील. म्हणून सांगते, बलाढ्य राष्ट्रानं खुशाल बेटं घ्यावीत. देणारा माणूस मिळाल्यावर घेणाऱ्याला दोष कसला?"

ती वाकून नमस्कार करून खाली उतरली. शेवटपर्यंत एका शब्दानं तिनं बाजू सोडली नव्हती.

मोहिद्दीनला कानशिलात मारल्यासारखं झालं. सगळ्या सभागृहात आपलं एकट्याचंच अंग उघडं पडलंय असं त्याला वाटलं. आधी संताप आला. बापाची अशी अब्रू काढतात? मग त्याला आठवलं की ती खोटं एक अक्षर बोलली नव्हती. त्याचंच बोलणं तिनं त्याला ऐकवलं होतं, आणि ते इतकं लाचार ऐकू येईल असं त्याला वाटलं नव्हतं. डोळे भरून आले तेव्हा मानसिंग सुभेदारांनी न बघताच त्याच्यापुढं रुमाल धरला.

जेवणात बासुंदी होती. माधवनगरच्या माणसांनी ती मुकाट्यानं वाढून घेतली आणि बहुतेकांनी तशीच ठेवली. मोहिद्दीन हात धुवायच्या नळाशी उभा असताना तहरीम बाजूनं गेली.

दुपारी समारंभ सुरू झाला. परीक्षकांचा निकाल जयराजरावांनी स्वतः वाचला. पहिला क्रमांक, तहरीम. "या मुलीनं आमच्या मनातलं बोलून दाखवलं," ते म्हणाले, आणि ते अगदी खरं बोलले. "करंडक देऊच. पण आधी शुभकार्य. मोहिद्दीनभाई, या. ठराव आपण मांडायचा आहे."

मोहिद्दीन व्यासपीठावर चढला. गुडघा कुरकुरला. माइकसमोर उभं राहिल्यावर घोकून आणलेलं वाक्य त्याच्या ओठांवर आलंसुद्धा: 'वाचनालयाचं संस्थेत विलीनीकरण करण्यात यावं, अशी मी सूचना मांडतो.' समोर त्याची माणसं होती. कुणाची नजर त्याच्यावर ठरत नव्हती. तहरीम तेवढी सरळ बघत होती.

"साहेब," तो म्हणाला, "ठरावाचं बघू. आदी सपर्धा पुरी करू."

"पुरी झाली की," जयराजराव हसले.

"न्हाई झाली. धोटा आजूनपातूर वाचनालयाचा हाय, म्हंजे नियमबी वाचनालयाचाच. आमच्यात सभेला इचारत्यात. आमच्या बापजाद्यांनी घालून दिल्यालं हाय." तो सभेकडं वळला. "माधवनगरकर मंडळी! तहरीम मोहिद्दीन पिंजारी. बोलली झ्याक. बलाढ्यानं बेटं घ्यावीत, आसं तिचं म्हणणं. पटलं का? पटलं आसंल त्यानं हात वर करा."

विजयमालानं दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते, चुकूनसुद्धा वर जायला नकोत म्हणून. मागच्या रांगांत म्हातारे कामगार हाताची घडी घालून बसले होते. अख्ख्या सभेत एकच हात वर होता. व्यासपीठावर, मधल्या खुर्चीत, अंगठीवाला. जयराजरावांनी लोकांना उत्तेजन द्यावं म्हणून मोठ्या कौतुकानं तो वर केला होता, आणि इतर हात का येत नाहीत म्हणून ते इकडं तिकडं बघत होते.

"साहेब, हात तसाच ऱ्हाऊ द्या," मोहिद्दीन म्हणाला. "सूचक घावला. तुमीच. आता अनुमोदक तेवढा बघा. आमच्यात कुणी दिसंना."

विजयमाला आधी हसली, मग सगळं सभागृहच हसलं. मानसिंग सुभेदार मिशीतल्या मिशीत हसत होते. जयराजरावांचा हात सावकाश खाली आला आणि चेहरा त्याच्याही खाली.

"मोहिद्दीनभाई, तुम्ही शब्द दिला होता," ते दातओठ खात म्हणाले. "वकील कुणी दिला, विसरलात?"

"न्हाई इसरलो. मरूस्तवर इसरणार न्हाई. तुमच्या घरातल्या लग्नाच्या सगळ्या गाद्या मी भरून दीन, फुकाट दीन, जलमभर दीन. शब्द माझा हुता, तो म्या मोडला, माझं त्वांड काळं झालं आसंल तर हुंदे. पर वाचनालय माझं न्हवतंच. जे माझं न्हाई त्ये तुमास्नी दिऊ कसं?"

मग त्यानं बाकीच्यांची नावं घेतली, थोडेथोडे हात वर झाले, आणि एकच नाव उरलं. "पूजा, पाटण. बेटं ज्यांची त्यांच्यापाशीच ऱ्हावीत. पटलं का?"

हातांचं रान उठलं. विजयमालानं काखेतले दोन्ही हात एकदम मोकळे केले आणि दोन्ही वर धरले. तहरीमचाही हात वर होता, सगळ्यांत उंच.

मोहिद्दीननं टेबलावरचा धोटा उचलला, बाहीनं पुसला आणि पायऱ्या उतरून पूजाच्या हातात दिला. परीक्षक एकमेकांकडं बघत राहिले. संस्थेची बस दारात उभी होती, पण माधवनगरची माणसं तिच्याकडं न बघता एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागली. मोहिद्दीनच्या शेजारून तहरीम चालत होती.

"हारलीस की गं," तो म्हणाला.

"एक हात पडला हुता, अब्बा."

"त्यो धरू नगं. त्यो आपला न्हवं."

ती हसली आणि तिनं चार दिवसांनी बापाचा हात धरला. मागून पूजा धापा टाकत धावत आली. धोटा तिनं छातीशी धरला होता.

"काका, पुढच्या साली विषय मी द्यायचा ना?"

"तूच द्यायचा. नियमच हाय."

"आणि यायचं कुठं? इथंच का?"

मोहिद्दीन थांबला. त्यानं एकदा वळून त्या उंच, काचेच्या, गारेगार सभागृहाकडं पाहिलं.

"माधवनगरला ये, पोरी," तो म्हणाला. "पत्रा गळतोय, पंखा लय आवाज करतो, पर तिथं यायला आमास्नी कुणाला इचारावं लागत न्हाई."